रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरीही अंग ठणकतं

सप्रेम नमस्कार. माझं वय ४३. एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. गेली दोन-अडीच वर्षं अंग दुखतंय. आधी मान आणि खांदे धरले, मग कंबर, आता हातपाय, सगळंच. सकाळी उठते तीच अंग आंबलेलं असतं; रात्रभर झोपूनही झोप झाल्यासारखी वाटत नाही. रक्ताच्या तपासण्या, एक्स-रे, एमआरआय, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी अंगावर ठिकठिकाणी दाबून पाहिलं आणि ‘पॉइंट पुरेसे भरत नाहीत’ म्हणाले. दुसऱ्यांनी फायब्रोमायल्जिया सांगितला आणि ड्युलोक्सेटिन सुरू केलं. वाचलं तर ती डिप्रेशनची गोळी निघाली. थोरली बहीण म्हणते, ‘तू सगळं मनावर घेतेस, म्हणून दुखतं.’ नवरा वाईट नाही. पण मागच्या रविवारी जरा बरं वाटत होतं म्हणून मी कपाटं आवरली, पडदे धुतले आणि सोमवारपासून चार दिवस अंथरुणावर होते, तेव्हा तो म्हणाला, ‘रविवारी तर ठणठणीत होतीस.’ मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिनं मागून येऊन मिठी मारली तर मी किंचाळले, इतकं दुखलं. ती आता जवळच येत नाही. हे सगळं माझ्या डोक्यात आहे का? घरच्यांना कसं पटवून देऊ? नोकरी सोडू का? पुढे माझं काय होणार?
– एक वाचक भगिनी

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्यापाशी अडलेत. तुमचं दुखणं खरं आहे. तुम्ही ते ओढवून घेतलेलं नाही आणि वाढवूनही सांगत नाही.

मग रिपोर्ट नॉर्मल कसे? एक्स-रे हाडं दाखवतो, एमआरआय मणके, सांधे, स्नायू दाखवतो आणि रक्तातल्या ईएसआर, सीआरपी या तपासण्या शरीरात सूज आहे का ते सांगतात. फायब्रोमायल्जियात या जागी बिघाड नसतोच. बिघाड असतो मज्जासंस्थेत. दुखण्याचे संदेश वाहून नेणारी आणि त्यांचा अर्थ लावणारी यंत्रणा गरजेपेक्षा जास्त जागी झालेली असते. चोर शिरला की वाजावी म्हणून घरात घंटा बसवली आणि ती वाऱ्याच्या झुळुकीनंही वाजायला लागली, तर घरभर शोधून चोर सापडत नाही. म्हणून घंटा वाजलीच नाही असं मात्र कुणाला म्हणता येणार नाही. तुमच्या आजवरच्या तपासण्यांनी चोर शोधला. घंटा तपासणारी सोपी चाचणी अजून दवाखान्यांत आलेली नाही.

प्रयोगशाळेत मात्र तिचा आवाज पकडता आला आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. फायब्रोमायल्जिया असलेली माणसं आणि निरोगी माणसं, दोघांच्याही अंगठ्याच्या नखावर मोजून दाब द्यायचा आणि त्याच वेळी मेंदूचं एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामाला लागलाय ते दाखवणारा स्कॅन, करायचं. निरोगी माणसांना जो दाब जेमतेम जाणवला, त्याच दाबाला या रुग्णांच्या मेंदूत दुखण्याशी संबंधित कितीतरी जास्त भाग कामाला लागलेले दिसले. निरोगी माणसांना तितकंच दुखायला दाब बराच वाढवावा लागला. ‘एवढ्याशानं कसं दुखतं?’ या प्रश्नाचं उत्तर त्या स्कॅनमध्ये आहे. त्याआधी, १९९४ मध्ये, या रुग्णांच्या पाठीच्या कण्यातल्या द्रवात ‘सबस्टन्स पी’ नावाचं वेदनेशी संबंधित रसायन इतरांच्या साधारण तिप्पट आढळलं होतं.

तुमच्या बहिणीला सांगण्यासारखी गोष्ट २०२१ ची आहे. ब्रिटन आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातल्या अँटिबॉडी उंदरांना टोचल्या, तेव्हा ते उंदीर दाबाला आणि थंडीला नेहमीपेक्षा हळवे झाले. निरोगी माणसांच्या रक्तातल्या अँटिबॉडींनी तसं झालं नाही. एवढ्यावरून आजाराचं मूळ सापडलं असं म्हणता येत नाही. सगळ्याच रुग्णांना ते लागू होईल का, तेही पुढच्या अभ्यासांतून ठरायचं आहे. पण ‘मनावर घेतलं म्हणून दुखतं’ हे स्पष्टीकरण इथे पुरत नाही, हे यातून नक्की दिसतं.

आता ते ‘पॉइंट पुरेसे भरत नाहीत’. १९९० मध्ये ठरलेल्या निकषांत अंगावरच्या ठराविक १८ जागा दाबून पाहायच्या आणि किमान ११ जागी दुखलं तर फायब्रोमायल्जिया म्हणायचं, असं होतं. २०१० मध्ये नवे निकष आले आणि निदानासाठी पॉइंट मोजण्याची अट गेली. दाब किती द्यायचा हे तपासणाऱ्यावर अवलंबून राहायचं आणि आज ९ भरले, पुढच्या आठवड्यात १३, असंही व्हायचं. २०१६ च्या सुधारित निकषांत शरीराच्या १९ भागांपैकी किती ठिकाणी दुखतं ते विचारतात, थकवा किती, झोपेतून उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, लक्षात ठेवायला आणि विचार करायला त्रास होतो का, हे विचारतात, आणि हा त्रास किमान तीन महिने चाललेला आहे ना, ते पाहतात. शरीराचे पाच विभाग धरून त्यातल्या निदान चार विभागांत दुखणं असावं लागतं. सोबत दुसरा आजार असला तरी हे निदान करता येतं, हेही त्यात स्पष्ट म्हटलंय. पहिल्या डॉक्टरांनी जुनी पद्धत वापरली, दुसऱ्यांनी बहुधा नवी. तुमच्या पत्रातली लक्षणं दुसऱ्या डॉक्टरांच्या म्हणण्याशी जुळतात. मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे निदानावर शिक्का मारण्याचं काम त्यांचंच. थायरॉइड, हिमोग्लोबिन, ड आणि ब-१२ जीवनसत्त्व यांची तपासणी झाली नसेल तर ती एकदा करून घ्या. यातल्या कशाच्याही गडबडीनं अंगदुखी आणि थकवा वाढू शकतो आणि त्यांवर सोपे उपचार आहेत.

गोळीबद्दल. ड्युलोक्सेटिन डिप्रेशनवर देतात हे बरोबर आहे. पण मेंदूतून पाठीच्या कण्याकडे उतरणारी, वेदनेला आवर घालणारी एक वाट असते. तिच्यावर सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन ही रसायनं काम करतात आणि ही गोळी तीच रसायनं वाढवते. म्हणून २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी ती खास फायब्रोमायल्जियासाठीही मंजूर केली. त्याच्या आदल्या वर्षी प्रीगाबालिन मंजूर झालं होतं. ते फिट्सवरही देतात, पण म्हणून फायब्रोमायल्जिया ही फिट्स होत नाही. रात्री अगदी कमी डोसात अमिट्रिप्टिलिनही देतात, झोपेला आणि दुखण्याला दोन्हीला. त्यामुळे ‘डॉक्टरांनी मला मनोरुग्ण ठरवलं’ असा अर्थ काढू नका. मात्र औषधाकडून अपेक्षा बेताची ठेवा. काहींना चांगला उतार पडतो, काहींना थोडा, काहींना काहीच नाही. मळमळ, तोंड कोरडं पडणं, गुंगी असे त्रास सुरुवातीला होतात आणि पुष्कळांचे दोन-तीन आठवड्यांत कमी होतात. एक गोष्ट कळकळीनं सांगते: ही गोळी मनानं एकदम बंद करू नका. चक्कर, घाम, अस्वस्थता असा वेगळाच त्रास सुरू होतो. सोडायची असेल तर डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करत सोडा. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा या दुखण्यावर फारसा उपयोग होत नाही आणि त्या रोज घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात. स्टेरॉइड आणि अफूवर्गीय औषधं यासाठी घेऊच नयेत.

आता तुमच्या त्या रविवाराकडे येते. मला सगळ्यात जास्त त्याच्याबद्दल बोलायचंय.

कपाटं आवरली, पडदे धुतले. मला कल्पना आहे की त्या दिवशी सकाळी उठल्यावर तुम्हाला काय वाटलं असेल. आज हात उचलतोय, पाठ ओढत नाहीये, डोकंही हलकं आहे. मग साचलेलं सगळं आजच उरकून टाकू, उद्याचं काय सांगावं! या आजाराची जवळजवळ प्रत्येक बाई हे करते, आणि ते आळशीपणाच्या नेमकं उलट आहे. अपराधी वाटत असतं, म्हणून बरा दिवस उजाडला की आपण सगळ्यांची भरपाई करायला धावतो. दुपारपर्यंत हात भरून येतात, तरी ‘एवढं एक कपाट’ म्हणून चालू राहतं. मग सोमवार ते गुरुवार अंथरूण. शुक्रवारी कामाचा ढीग दुप्पट, अपराधीपणाही दुप्पट, आणि पुढच्या बऱ्या दिवशी धावपळही तितकीच जास्त.

तुमच्या पत्रातल्या दोन्ही अडचणी या एकाच जागी आहेत. चार दिवसांचं अंथरूण त्या रविवारातून आलं, आणि नवऱ्याचा अविश्वासही त्याच रविवारातून आला. त्यानं तुम्हाला पडदे उतरवताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पाणी प्यायलाही उठला नाहीत. आतलं काही माहीत नसलेल्या माणसाला याचा मेळ लागत नाही. प्लास्टर घातलेला हात रोज सारखाच दिसतो, तुमचं दुखणं रोज वेगळं दिसतं. म्हणून बदल करायचा तो बऱ्या दिवशी. वाईट दिवशी करण्यासारखं फार थोडं असतं. त्या दिवशी अंग शेकावं, हलके ताण द्यावेत, पडून राहावं, खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या माराव्यात, बस. हा आजार आटोक्यात येतो तो चांगल्या दिवशी वेळेवर थांबण्यानं.

हे प्रत्यक्षात कसं करायचं? एक-दोन आठवडे वहीत लिहा: काय केलं, किती वेळ केलं, त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी कसं होतं. दुखण्याला दर तासाला गुण देत बसू नका, त्यानं लक्ष सतत तिथेच लागून राहतं. दिवसातून एकदा, दोन ओळी पुरेत. त्यातून तुम्हाला कळेल की मधल्या दिवशी, फार बरा नाही आणि फार वाईट नाही अशा दिवशी, कोणतं काम किती वेळ केलं तर दुसऱ्या दिवशी महागात पडत नाही. समजा आवराआवर वीस मिनिटं झेपते. मग बऱ्या दिवशीही वीसच मिनिटं. घड्याळाचा गजर लावा आणि गजर झाला की हातातलं कपाट अर्धं राहिलं तरी थांबा. अंग ‘अजून होईल’ म्हणत असतं, तेव्हा थांबणं फार जड जातं. पहिले काही आठवडे चिडचिड होईल, कपाटाचं अर्धं उघडं दार डोळ्यांत खुपेल. तरी थांबा. हात भरून आल्यावर थांबलात तर उशीर झालेला असतो. पडदे एका दिवशी एकच. आणि खांद्यांच्या वर हात नेण्याचं काम, वाकण्याचं काम आणि बसून करण्याचं काम आलटून पालटून घ्या.

हे वाचून वाटेल की आता हळूहळू सगळंच कमी करायचं. तसं नाही, आणि इथे मी ठाम आहे. अंथरुणात पडून राहिल्यानं स्नायू ढिले पडतात, दम कमी होतो आणि घंटा आणखी हळवी होते. युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये या आजाराच्या सगळ्या उपचारांचा आढावा घेतला. त्यात ‘जोरदार शिफारस’ मिळाली ती फक्त एका उपचाराला, व्यायामाला. गोळ्यांनाही तेवढी मिळाली नाही. पण व्यायाम तुमच्या अंगाच्या मापाचा हवा. पाच मिनिटं चालणं झेपत असेल तर रोज पाचच मिनिटं, आठवडाभर. त्यानं त्रास वाढला नाही तर पुढच्या आठवड्यात सहा. हसू नका, खरोखर सहाच. कोमट पाण्यातले व्यायाम ज्यांना शक्य आहेत त्यांना ते फार मानवतात. ताई-ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम आणि हलकी योगासनंही. सुरुवातीला अंग थोडं जास्त दुखेल, ते चालायचंच. बहुतेकांना फरक जाणवायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात, आणि नेमकं त्याआधी माणसं सोडून देतात.

एक अपवाद लक्षात ठेवा. थोड्याशा श्रमानंतर, लगेच नव्हे तर एक-दोन दिवसांनी, तुम्ही पूर्ण कोसळत असाल, ताप आल्यासारखं, घसा धरल्यासारखं वाटत असेल आणि सावरायला दिवसच्या दिवस लागत असतील, तर डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा. एमई किंवा क्रॉनिक फटिग सिंड्रोम हा वेगळा आजार आहे, कधी कधी फायब्रोमायल्जियाबरोबर असतो, आणि त्यात ठरलेल्या टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेल्यानं नुकसान होऊ शकतं. ब्रिटनच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो उपचार त्या आजारासाठी काढून टाकला. चार दिवस अंथरूण धरावं लागलं ते पडद्यांसारख्या अंगमेहनतीच्या कामानं, की किरकोळ कामानंही तसंच होतं, हे तुमच्या वहीतून कळेल.

झोपेचं थोडक्यात. १९७५ मध्ये कॅनडात निरोगी माणसांची गाढ झोप ओळीनं काही रात्री आवाजानं मोडली, तेव्हा त्यांचंही अंग दुखायला लागलं होतं. झोप बिघडली की दुखतं आणि दुखलं की झोप बिघडते, हे चक्र कुठून तरी तोडायला हवं. रोज उठण्याची वेळ एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. दुपारी पडलात तर अर्ध्या तासाच्या आत उठा. तुम्ही जोरात घोरता का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का, हे नवऱ्याला विचारा. तसं असेल तर झोपेची तपासणी करावी लागेल. रात्री पाय सारखे हलवावेसे वाटत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याला वेगळं औषध आहे.

मुलीबद्दलचं वाचून मी थांबले. हलक्या स्पर्शानंही दुखणं हा या आजाराचा भाग आहे. पट्ट्याचा, शिवणीचा, अंगावरच्या चादरीचासुद्धा काच सहन होत नाही. तिच्या मिठीनं तुम्ही किंचाळलात, यात तुमच्या दोघींचाही दोष नाही. पण पंधरा वर्षांच्या मुलीला ते आपोआप कळणार नाही. आपल्यामुळे आईला दुखतं, एवढंच तिच्या मनात राहिलं असणार, आणि म्हणून ती लांब राहतेय. तुम्हाला वाटतं ती दुरावली. बहुतेक ती जपतेय. तिला जवळ बसवा आणि सांगा, ‘माझ्या अंगाला आत्ता हलका धक्काही जोरात लागतो. तू काही चुकीचं केलं नाहीस. मागून आलीस की अंग दचकतं, समोरून ये. खांद्यांना नको, हातात हात दे.’ कुठे चालतं आणि कुठे चालत नाही हे बोटानं दाखवा. त्यातही रोज बदल होईल, तर ‘आज चालेल का?’ असं विचारायची मुभा तिला द्या आणि ‘आज नको’ म्हणताना तिच्याकडे बघून म्हणा. मुलांना नकार सोसतो, त्याचं कारण माहीत नसलं की सोसत नाही. तिच्या मनात आणखी एक प्रश्न असेल, कदाचित तुमच्याही: हे तिला होईल का? जवळच्या नात्यात हा आजार असण्याचं प्रमाण जास्त आढळतं, पण आईला आहे म्हणून मुलीला होणारच असं नाही.

नवऱ्याला ‘पटवून’ देण्याचा नाद मात्र सोडा, ताई. तुम्ही दुखणं सिद्ध करायला गेलात की प्रत्येक बरा तास तुमच्याविरुद्ध पुरावा होतो आणि मग आपण घरात हसतानाही विचार करून हसतो. त्यापेक्षा त्याला पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि चढ-उतार हेच या आजाराचं लक्षण आहे, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. घरी मात्र नेमकं बोला. ‘मला कुणी मदतच करत नाही’ हे वाक्य ऐकून समोरच्याला काय करायचं ते कळत नाही. ‘आज माझ्याच्यानं उभं राहवणार नाही, रात्रीची भांडी तू घास’ हे कळतं. सकाळी एकदाच सांगायचं: आज काय जमेल, काय नाही. दिवसभर त्याची उजळणी नको. आणि बऱ्या दिवशी मुद्दाम सांगा, ‘आज बरं वाटतंय, तरी मी वीस मिनिटांनी थांबणार आहे, म्हणजे उद्या उठता येईल.’ हे त्यानं चार-सहा वेळा पाहिलं आणि खरंच सोमवारी तुम्ही उठलात, की त्याला आजार समजायला सुरुवात होईल. तुम्ही लिहिलंय, ‘नवरा वाईट नाही.’ मग त्याला शिकायची संधी द्यायला हवी.

बहिणीच्या बोलण्यात एक कण खरा आहे, तोही सांगते. ताण, उदासी, काळजी यांनी हे दुखणं वाढतं, जसं कुठलंही दुखणं वाढतं, आणि वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मन खचतंच. तुमचं मन खचलं असेल तर त्यावर उपचार घेणं म्हणजे बहिणीचं म्हणणं कबूल करणं नव्हे. दुखण्याशी जुळवून घ्यायला शिकवणारे समुपदेशक असतात, विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी सीबीटी नावाची पद्धत वापरतात, तिचा उपयोग होतो. आणि जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील, तर ते आजच घरच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

नोकरी. आत्ता, त्रास उसळलेला असताना, राजीनामा देऊ नका. घरी बसून दुखणं कमी झालं असं फार थोड्यांच्या बाबतीत होतं, आणि हातचं काम गेलं की दिवसाचा आकार जातो, पैसा जातो, माणसं जातात. आधी काम बदलून बघा. हिशेबाच्या कामात तुम्हाला आकडे चुकण्याची धास्ती वाटत असेल, पत्रात लिहिलं नसलं तरी. या आजारात डोक्यावर धुकं आल्यासारखं होतं, शब्द आठवत नाही, तीच ओळ तीनदा वाचावी लागते. तो विसरभोळेपणा म्हातारपणाच्या स्मृतिभ्रंशाची सुरुवात नसतो. डोकं ज्या वेळी सगळ्यात स्वच्छ असतं तेव्हा जुळवणीचं काम घ्या, बाकी वेळी साधं. एका वेळी एकच काम, मध्ये आलेला फोन झाला की कुठवर आलो होतो त्याची खूण. दर अर्ध्या तासानं खुर्चीतून उठा. साहेबांकडे जाताना आजाराचं व्याख्यान देण्याची गरज नाही. डॉक्टरांचं पत्र आणि दोन-तीन नेमक्या मागण्या न्या: यायची वेळ थोडी उशिरा, उठायची मोकळीक, जमेल तितकं घरून काम. हे करूनही झेपलं नाही तर कमी तासांचा विचार, आणि त्यानंतरच सोडण्याचा.

पुढे काय होणार, असं विचारलंत. फायब्रोमायल्जियानं सांधे वाकडे होत नाहीत, स्नायू झिजत नाहीत, पक्षाघात होत नाही. तो पूर्ण बरा करणारं औषध आज नाही, हेही खरं. त्रास वर्षानुवर्षं चढत-उतरत राहतो, पण पुष्कळ जणींना तो आटोक्यात ठेवून काम, घर आणि आवडीच्या गोष्टी सांभाळता येतात. फक्त एक सावधगिरी: हा शिक्का बसला की प्रत्येक नवीन तक्रार ‘तुमचं ते नेहमीचंच’ म्हणून बाजूला पडण्याची भीती असते, डॉक्टरांकडूनही आणि स्वतःकडूनही. सांधा सुजून लाल किंवा गरम झाला, ताप राहू लागला, कारण नसताना वजन उतरलं, एखाद्या हातापायातली ताकद गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, छातीत दुखलं, तर ते फायब्रोमायल्जिया समजून घरी बसू नका. यातली छातीतली कळ, गेलेली ताकद आणि सुटलेला ताबा यांसाठी लगेच दवाखाना गाठा.

पुढच्या भेटीला जाताना ती वही सोबत न्या आणि सगळ्यात जास्त अडवणाऱ्या दोनच गोष्टी पहिल्या वाक्यात सांगा. सगळं एकदम सांगायला गेलं की दहा मिनिटांत काहीच हाती लागत नाही. गोळीनं दिवसा गुंगी येत असेल तर घेण्याची वेळ बदलता येईल का, हे विचारा. या आजाराची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवा, असं स्वतःहून म्हणा. दोन-तीन महिन्यांनी मला पुन्हा लिहा, आणि त्या पत्रात मुलीचं काय झालं ते आधी लिहा.